आई आणि 'बापाची जागा'

भोपाळच्या तुलसी नगरात, सरकारी क्वार्टरमध्ये आईने आम्हां भावंडांना एकटीने वाढविले. वडील हयात होते, पण घर सोडून गेलेले. सकाळी डबे, दिवसभर कचेरी, रात्री शिलाईयंत्र. हिंदी शेजारणी म्हणत, "माँ भी वही, बाप भी वही." आपले लोकही म्हणत, "हिने बापाची जागा भरून काढली."

हे कौतुक न्याय्य आहे काय? १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याने बाप पहिला पालक, आई 'त्याच्यानंतर' ठरविली. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' म्हणजे 'त्याच्या गैरहजेरीत' असा अर्थ लावला. बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते. आईने कुणाची जागा भरली नव्हती. ती आपल्याच जागी उभी होती. तिला देवी म्हणणे सोपे. तिचा हक्क मान्य करणे, हे आपल्याला अजून जड जाते.