‘प्रॉबेब्ली’ला जामीन कोण?

गेल्या वर्षी एका व्याख्यानमालेत आमचे एक जुने मित्र (मित्र हा शब्द मी सैलपणे वापरतो आहे) तासभर बोलले. मुद्दा असा की इंग्रजी माणूस शक्यता तोलून बोलतो. त्याच्यापाशी ‘पॉसिब्ली’, ‘पर्हॅप्स’, ‘प्रॉबेब्ली’, ‘ऑलमोस्ट सर्टन्ली’ अशी चढती शिडी आहे. मराठी माणसापाशी दोनच पायऱ्या, ‘होऊन जाईल’ आणि ‘बघू’. टाळ्या पडल्या. इंग्रजीचे चार शब्द पेरून मराठीला नावं ठेवली की मराठी श्रोता खूश होतो. ओघात ‘काही भाषाभिमानी मंडळीं’चाही उद्धार झाला. तेव्हा ते तिसऱ्या रांगेकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होते. सबब, हा लेख निव्वळ ज्ञानलालसेपोटी लिहिला आहे असं कुणी समजू नये.

तर ती शिडी. तिच्या पायऱ्या मोजायचा प्रयत्न शर्मन केंट या गृहस्थांनी केला. हे येलमधले इतिहासाचे प्राध्यापक, पुढे सीआयएत अंदाज वर्तवायच्या कामावर गेले. मार्च १९५१ मध्ये त्यांच्या मंडळाने एक अहवाल दिला : यंदा युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना सहज विचारलं, म्हणजे नेमकी किती हो? केंट म्हणाले, होईल याला ६५, होणार नाही याला ३५. तो अधिकारी दचकलाच. त्याने आकडा बराच खालचा धरला होता. मग केंट सहकाऱ्यांकडे गेले. ही सगळी मंडळी एका टेबलाशी बसून त्याच वाक्यावर एकमत करून उठली होती. पण आकडा विचारल्यावर कुणाच्या मनात ८० होते, तर कुणाच्या मनात २०. एकमत झालं होतं ते शब्दावर.

केंट प्राध्यापकच. त्यांनी मोजपट्टी केली : ‘प्रॉबेबल’ म्हणजे शेकडा ७५, बारा इकडे किंवा तिकडे, ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३, सहा इकडे किंवा तिकडे. खात्यात दोन तट पडले. केंट एकांना गणिती म्हणत, दुसऱ्यांना कवी. कवींना आकडे म्हणजे भाषेवरचा अत्याचार वाटे. ती पट्टी काही खात्याच्या अंगवळणी पडली नाही, आणि १९६४ मध्ये केंटनी या सगळ्या खटाटोपावर एक लेख लिहिला. विनोदी लिहायचा हेतू नसताना इतका विनोदी उतरलेला सरकारी लेख मी दुसरा वाचलेला नाही. (हल्ला झालाच नाही. पण त्यामुळे २० म्हणणारा बरोबर ठरला असंही नाही. हे आमच्या मित्रांना समजावून सांगायला वेगळी व्याख्यानमाला लागेल.)

अशी ही शिडी. प्रत्येकाला तिसरी पायरी वेगळ्याच उंचीवर लागते.

मग हे शब्द करतात तरी काय? उत्तर फ्रेंच गणिती आणि तत्त्वज्ञ पास्कलच्या घरात आहे, आणि पास्कलकडे जायला मला निमित्त लागत नाही. ‘प्रॉबेबल’चं मूळ लॅटिन. त्याचा जुना अर्थ ‘मान्यतेला योग्य’. ‘प्रॉबेबल’ डॉक्टर म्हणजे पत असलेला डॉक्टर, असाही प्रयोग एके काळी होत असे, याची आठवण इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ च्या पुस्तकात करून दिली. आपल्याकडे त्याला मातब्बर म्हणतात. शब्द टक्के सांगणारा नव्हता, पत सांगणारा होता. सतराव्या शतकातल्या जेझुइट पंडितांनी त्यावर आख्खं नीतिशास्त्र उभारलं : एखाद्या मताला एका जरी मातब्बर धर्मशास्त्र्याचा पाठिंबा असला तरी ते ‘प्रॉबेबल’, आणि उलट मताचं पारडं जड असलं तरी खुशाल त्याप्रमाणे वागावं, पाप लागत नाही. आपल्या मनासारखं सांगणारा एक शास्त्री गाठला की झालं. पास्कलने १६५६-५७ मध्ये टोपणनावाने पत्रं लिहून या मंडळींची अशी रेवडी उडवली की त्यांना पुढे कित्येक पिढ्या तोंड लपवावं लागलं. आणि हाच पास्कल १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितीला पत्रं लिहीत होता. विषय : जुगाराचा डाव अर्ध्यावर मोडला तर पैसे कसे वाटायचे? शक्यतेचं गणित तिथून सुरू झालं. मातब्बरांची शक्यता बुडवणारा आणि फाशांची शक्यता वाढवणारा माणूस एकच.

पण ही बातमी लोकांच्या तोंडापर्यंत पोचली नाही. तिथे ‘प्रॉबेब्ली’ अजून जुनंच काम करतो. जानेवारी २००९ मध्ये लंडनच्या बसगाड्यांवर नास्तिकांची जाहिरात झळकली : देव बहुधा नाही, तेव्हा काळजी सोडा आणि मजेत जगा. तो ‘बहुधा’ कशाला? एक तर जाहिरातीच्या नियमांची धास्ती. शिवाय कार्ल्सबर्ग बिअरची सत्तरच्या दशकापासूनची जाहिरात, ‘बहुधा जगातली सर्वोत्तम’, सगळ्यांच्या कानात होतीच. या मोहिमेचे पाठीराखे रिचर्ड डॉकिन्स यांना ‘जवळजवळ नक्कीच’ हवं होतं. एका ख्रिस्ती संघटनेने तक्रार केली की या दाव्याला पुरावा काय. नियामकाने ती पुढे चालवली नाही. देवाची टक्केवारी कुणीच काढली नव्हती. वाक्य अंगाशी आलं तर सुटका व्हावी म्हणून आधीच उभा केलेला तो जामीन होता. (त्या बिअरवाल्यांनी २०१९ मध्ये ‘बहुधा सर्वोत्तम नाही’ असं कबूल केलं, आणि त्याचीही जाहिरातच केली.)

जामिनांचे प्रकार अनेक. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट सांगत असे, युक्तिवादात ‘शुअरली’ दिसलं की थांबा; लेखकाचा पाय जिथे लटपटतो तिथेच तो खात्रीचा शब्द टाकतो. ‘अ‍ॅपेरंटली’ एके काळी ‘उघड दिसतं आहे’ असं सांगायचा, आता ‘ऐकलंय बुवा’ असं सांगतो. ‘इन्क्रेडिबली’तला अविश्वास झिजून नुसता ‘फार’ उरला. आणि ‘प्लॉझिबल’चा मूळ अर्थ टाळ्या देण्याजोगं. त्या अर्थाने त्या संध्याकाळचं व्याख्यान पुरेपूर ‘प्लॉझिबल’ होतं.

‘अलेजेडली’चं वर्तमानपत्री मराठी ‘कथितरीत्या’ होतं. हा शब्द मी कुणाच्याही स्वयंपाकघरात ऐकलेला नाही. तिथे ‘म्हणे’ असतं. ‘त्याची बदली झाली म्हणे.’ दोन अक्षरांत बातमी दिली, जबाबदारी झटकली, भुवईही उंचावली.

इथपर्यंत लिहून मी हात झटकले होते. मग बहिणीचा मॅमोग्राफीचा रिपोर्ट आला. त्यावर लिहिलं होतं, ‘प्रॉबेब्ली बिनाइन’. बहुधा साधी गाठ. माझ्या पोटात गोळा आला. बहुधा? मी केंटच्या पट्टीने मोजायला लागलो : पंचाहत्तर, म्हणजे उरले पंचवीस! रात्री उशिरा कळलं की रेडिऑलॉजीवाल्यांच्या ‘बायरॅड्स’ पद्धतीत ही तिसरी श्रेणी. तिच्यात कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त धरत नाहीत, आणि सहसा सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. म्हणजे इथे कुणीतरी बसून पायरीला खिळे ठोकले होते. मित्राची शिडी एका खोलीत तरी खरी होती, हे कबूल करायला हवं. आणि माझ्यासारखे कवी त्या खोलीत नव्हते, ही चांगलीच गोष्ट. आकडा मात्र त्या खोलीतच राहिला होता. घरी आला तो नुसता शब्द.

सकाळी बहिणीचा फोन. “वाचलास का रे? काय लिहिलंय?”

“साधी गाठ आहे,” मी म्हणालो. “सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.” ‘बहुधा’ मी गाळला.

ती थोडा वेळ गप्प होती. “हे कागदावर आहे, की तू म्हणतोयस?”

“मी म्हणतोय.”

“बरं,” ती म्हणाली. “मग सहा महिन्यांनी बरोबर तूच चल.”