फाशीच्या कोठडीतील प्रश्न

'आयर्न मेडन' या इंग्लिश हेवी मेटल वाद्यवृंदाच्या १९८२ सालच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव प्रकटीकरणातील श्वापदावरून घेतलेले. अमेरिकेत काही ठिकाणी तिची होळी झाली. तिच्यातील अखेरच्या गीताचे शीर्षक मात्र प्रभूच्या प्रार्थनेतील आहे: 'हॅलोड बी दाय नेम'.

त्यात फाशीची वाट पाहणारा कैदी बोलतो. धर्मगुरू अंतिम प्रार्थना म्हणतो. कैद्याचे मन मात्र देवाने आपल्याला का सोडले, या प्रश्नाशी झगडत राहते.

ही ईश्वरनिंदा म्हणावी काय? ईयोबाने असेच विचारले, क्रूसावरून ख्रिस्तानेही. मरणशय्येपाशी आम्हीही पुष्कळदा प्रार्थना वाचली. प्रश्न ऐकून घेतला नाही, याची आज खंत वाटते.

मुलांच्या खोलीतून असा गोंगाट आला, तर पालकहो, रागावण्यापूर्वी क्षणभर ऐकावे.