चुकलेल्या सुराचे काय करावे?

बर्लिन शहरात १३ फेब्रुवारी १९६० रोजी एक गायिका भर सभेत गाण्याचे शब्द विसरली. गोष्ट एवढीच आहे. आपल्याकडे लग्नात उखाणा घेताना नवरी अडखळली, तर बायका तोंडाला पदर लावून हसतात, मागून एखादी मावशी हळूच पुढचा शब्द पुरवते आणि वेळ निभावून जाते. परंतु बर्लिनची ती गायिका एला फिट्झजेरल्ड होती. समोर डॉइचलांडहाले नावाच्या प्रचंड सभागृहात हजारोंचा समुदाय बसला होता. ध्वनिमुद्रणाचे यंत्र चालू होते. आणि शब्द पुरवायला मावशी नव्हती.

गाणे होते ‘मॅक द नाइफ’. मूळ जर्मन, कुर्ट वाइलचे संगीत आणि ब्रेख्तचे शब्द. ज्या संगीतिकेतले ते, ती १९२८ साली बर्लिनमध्येच प्रथम रंगभूमीवर आली. पुढे त्याचे इंग्रजी रूप झाले, १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने आणि १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने ते गाऊन घरोघर पोहोचवले. म्हणजे बाईंनी विसरायला गाणे निवडले तेही असे की, त्याच्या जन्मगावी जाऊन विसरावे. पंढरपुरात जाऊन अभंग विसरण्यासारखेच हे!

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. एरवी अशा गाण्यातले निम्मे शब्द मला सुटतात. पण हे ध्वनिमुद्रण ऐकताना ती कुठे विसरली ते मला पहिल्याच वेळी समजले, कारण ते ती स्वतःच सांगते. आणि सांगते ते सुरात, तालात, यमक जुळवून. गाणे थांबत नाही. पुढचे शब्द आठवत नाहीत असे ती गाते, बॉबी डॅरिनने हे गाइले, आर्मस्ट्राँगने गाइले आणि आता आम्ही ह्याचा विचका करीत आहोत असे ती गाते, मध्येच आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज हुबेहूब काढते, आणि अखेरीस टाळ्यांच्या कडकडाटात गाणे सुखरूप पैलतीरी नेते. त्या गाण्याला पुढे अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. व्यवस्थित पाठ करून गाइलेल्या हजारो गाण्यांत त्या वर्षी मान मिळाला तो विसरलेल्या गाण्याला.

त्या सभागृहाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते १९३५ मध्ये हिटलरच्या राजवटीत, पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी बांधले गेले. त्या राजवटीला चूक हा शब्द सोसत नसे. वाइल ज्यू, म्हणून त्याचे संगीत बंद. जॅझ निग्रोंचे, म्हणून ते हीन. वाइलला १९३३ मध्येच देश सोडावा लागला. युद्धात बॉम्ब पडून ते सभागृह मोडले, १९५७ मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि तीनच वर्षांनी तिथे एक कृष्णवर्णी बाई वाइलचे गाणे जॅझच्या ढंगाने, चुकत आणि हसत गाऊन गेली. बर्लिनकरांनी तिला डोक्यावर घेतले. सभागृह २०११ मध्ये पाडण्यात आले. ती चूक मात्र अद्याप ऐकता येते.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना जॅझ म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, हे मी जाणून आहे. त्यांना एवढेच सांगतो की, आपले कान या सुरावटीला अगदीच परके नाहीत. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर आपले आजोबा ठेका धरीत होते, त्यात ट्रम्पेट फुंकणारा चिक चॉकलेट हा गोव्याचाच गडी. त्याचे खरे नाव अंतोनिओ झेवियर वाझ. आणि मांडणी म्हणाल तर ती ख्याल ऐकणाऱ्याला चटकन उमजण्याजोगी आहे. एक लहानशी चीज असते, बारा किंवा बत्तीस मात्राखंडांची. ती एकदा सगळे मिळून वाजवतात. मग तिचे आवर्तन फिरत राहते आणि त्यावर एकेक वादक आपली बढत करतो. फरक असा की, आपल्याकडे खाली षड्जाचा तंबोरा अचल असतो. तिथे पियानो आणि मोठे बास हे तंतुवाद्य स्वरांचे जुडगे सतत बदलत असतात. पायाखालची जमीनच चालती असते म्हणा ना! म्हणून तिथे सूर चुकला तर तो एकट्याचा चुकत नाही. चौघांच्या मध्ये जाऊन पडतो.

अशा पडलेल्या सुराची एक कथा हर्बी हॅन्कॉक या पियानोवादकाने स्वतः सांगितली आहे. साठीच्या दशकात, विशीतला पोरगा असताना, तो माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात होता. एक मैफल अगदी रंगात आली होती. माइल्सची ट्रम्पेटवरची बढत ऐन भरात असताना हर्बीने एक स्वरसमूह वाजवला तो साफ चुकीचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माइल्स क्षणभर थांबला, आणि मग त्याने असे काही सूर काढले की, तो चुकीचा स्वरसमूह बरोबर ठरला. हर्बीला हे कोडे कित्येक वर्षे उलगडले नाही. पुढे त्याच्या ध्यानात आले ते असे : चूक म्हणून तिचा निवाडा केला तो आपण, माइल्सने निवाडा केलाच नाही. ‘आत्ता असे घडले आहे’ एवढेच त्याने ऐकले, आणि पुढे काय करायचे ते पाहिले.

ही कथा मी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. कारण सांगतो.

मी शाळामास्तर आहे, आणि त्यातून कादंबऱ्या लिहितो. म्हणजे अहंकाराला दोन दारे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकले लिहिले होते. कर्जापायी एक शेतकरी बैल विकतो आणि बाजाराहून घरी येतो, हातात फक्त बैलाची घुंगुरमाळ. इथे त्याच्या तोंडी मी सहा वाक्यांचे भाषण घातले होते : धरित्री, श्रम, ऋणानुबंध वगैरे. सातवीतला एक मुलगा ते काम करीत होता. तालमीत त्याने भाषण कधी चुकवले नाही. प्रयोगाच्या रात्री तो रंगमंचावर आला, समोरच्या गर्दीकडे त्याने पाहिले आणि त्याचे शब्द गेले. तो तसाच उभा राहिला. मग हातातल्या घुंगुरमाळेकडे पाहत, बायकोचे काम करणाऱ्या मुलीला तो हळूच म्हणाला, “हिचं काय करायचं आता?”

मंडप एकदम गप्प झाला. पुढच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांपैकी एकाने पागोट्याचा शेव डोळ्यांना लावलेला मी विंगेतून पाहिला. पाहिला, आणि तरीही हातातली वही उघडून मी दबक्या पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “ही धरित्री आपली माता... म्हण, म्हण!” मुलगा दचकला. रडवेल्या स्वरात त्याने माझी सहाही वाक्ये म्हटली. मागे कोणीतरी हसले. पडदा पडल्यावर मी त्याला सगळ्यांदेखत बोललो. त्यानंतर तो कोणत्याही नाटकात आला नाही. मी बोलावले होते. तो नको म्हणाला.

त्या वेळी मी कोणाचा मास्तर होतो? मुलाचा, की माझ्या सहा वाक्यांचा? बर्लिनच्या मैफलीत एलाच्या पाठीशी पॉल स्मिथचा पियानो होता. ती विसरली तेव्हा त्याने आणि त्याच्या साथीदारांनी काय केले? काहीच नाही, म्हणजे आवर्तन चालू ठेवले. तिच्या पायाखालची फळी काढून घेतली नाही. मला वाटते, मनुष्याच्या हातून चूक होते ती अर्धीच. उरलेली अर्धी तिच्या शेजारी उभा असलेला मनुष्य पुरी करतो, नाहीतर तिचे दुसरेच काही बनवतो.

वाचक म्हणतील, मास्तर, असे असेल तर उद्यापासून तांबडी शाई बंद करा. सात आठे चोपन्न लिहिणाऱ्याला माइल्स डेव्हिस म्हणून शाबासकी द्या. औषधाच्या दुकानातला माणूस बाटली चुकला, तर त्यालाही दाद द्या! हा आक्षेप मला मान्य आहे; किंबहुना तो मी स्वतःवर रोज घेतो. औषधाच्या बाटलीत दुसऱ्याचा जीव असतो, तिथे चूक ती चूकच. आणि एलाचे म्हणाल तर ती शब्द विसरली. चाल नव्हे, ताल नव्हे, यमकाची जागा नव्हे. १९३४ मध्ये, सतरा वर्षांची असताना, न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहातल्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून आली होती, पण आधीच्या बहिणींचा नाच पाहून तिची छाती दडपली आणि ऐन वेळी ती गाइली. तेव्हापासून पंचवीस वर्षे तिने गाण्याखेरीज काही केले नव्हते. एवढे ज्याच्या गाठीशी आहे त्याला दोन ओळी हरवण्याची चैन परवडते. माझ्या विद्यार्थ्याच्या गाठीशी काय होते, असा प्रश्न उरतो. उत्तर मला आता माहीत आहे. त्याच्या घरचा बैल त्याच वर्षी विकला गेला होता. हे मला नंतर कळले. आधी विचारण्याचे मला सुचले नव्हते.

चुकीपेक्षा तिची लाज अधिक घातक असते की काय, अशी शंका मला ड्यूक एलिंग्टनच्या एका तबकडीने आणली. अमेरिकेत न्यूपोर्ट गावी १९५४ पासून जॅझचा मोठा उत्सव भरू लागला. ७ जुलै १९५६ च्या रात्री तिथे एलिंग्टनचा ताफा वाजवायला बसला तेव्हा त्याच्या लोकप्रियतेला ओहोटी लागलेली होती. मध्यरात्रीच्या सुमारास त्याने १९३७ सालची आपली एक जुनी रचना काढली आणि तिच्या दोन भागांच्या मध्ये पॉल गोन्साल्विसला सॅक्सोफोनवर मोकळे सोडले. (नाव वाचून म्हापसा-मडगाव आठवेल, आणि आपल्या गोव्याचा ब्राझ गोन्साल्विसही सॅक्सोफोनवालाच, पण पॉलचे आईबाप केप व्हर्द बेटांतले. पोर्तुगिजांनी नावे दोन्हीकडे सारखीच वाटली.) पॉलने बारा मात्राखंडांची एकामागून एक सत्तावीस आवर्तने वाजवली. काळ्या पोशाखातली एक स्त्री उठून नाचू लागली, लोक खुर्च्यांवर चढले, दंगल होते की काय म्हणून व्यवस्थापक धास्तावले.

आणि या सबंध वेळात पॉल चुकीच्या ध्वनिक्षेपकासमोर उभा होता! तबकडी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा एक ध्वनिक्षेपक होता आणि व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीचा दुसरा. तो दुसऱ्यात वाजवत राहिला. तबकडीवर त्याचा सॅक्सोफोन लांबून, शेजारच्या आळीतून आल्यासारखा ऐकू येतो. शिवाय उत्सवासाठी रचलेल्या नव्या रचनेची तालीम कमी पडली होती, वादनात उणिवा राहिल्या होत्या. तेव्हा दोन दिवसांनी ताफ्याला स्टुडिओत नेऊन ती नीटनेटकी पुन्हा वाजवली, तिच्यावर टाळ्यांचे आवाज चढवले, आणि न्यूपोर्टची मैफल म्हणून विकली. तबकडी अफाट खपली. पुढे नभोवाणीची मूळ फीत सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही फिती जुळवून त्या रात्रीचे खरे वादन प्रसिद्ध झाले.

मी जुनी तबकडी आधी ऐकली होती, आणि त्या उसन्या टाळ्यांत माझी टाळीही मनोमन मिसळली होती. तो आनंद खोटा होता का? मला तसे म्हणवत नाही. स्टुडिओतही वाजवणारे तेच होते, सूर तेच होते, कोणाच्या पोटावर पाय आला नव्हता. तरीसुद्धा खरी फीत ऐकल्यापासून ती गुळगुळीत रचना मला ऐकवत नाही. सूर तेच असून का ऐकवू नये, याचे समाधानकारक कारण मला देता येत नाही. त्या तबकडीत कोणीतरी विंगेत वही घेऊन उभा आहे असे वाटते, एवढेच.

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरात २५ जून १९६१ च्या रविवारी पियानोवादक बिल इव्हान्स आपल्या दोन साथीदारांसह वाजवत होता. त्या ध्वनिमुद्रणात मागे पेल्यांची किणकिण ऐकू येते, गप्पा ऐकू येतात, कोणी तरी हसते. इतके नाजूक वादन चालले असताना हे लोक बोलतात काय, म्हणून पूर्वी मला संताप येई. पण बासवादक स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, मोटार अपघातात गेला. वय वर्षे पंचवीस. हे समजल्यापासून ती किणकिण मला पुसून टाकावीशी वाटत नाही. त्या तळघरात तो होता, आणि त्याच्यासमोर कोणी तरी पेला खाली ठेवला, हेही त्या फितीत उरले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या बाजारात तो मुलगा मला भेटला. मुलगा कसला, आता बापई गडी. कडेवर लहान पोर होते. तो वाकून पाया पडला. मी धीर करून त्या नाटकाचा विषय काढला. त्याला नाटक चांगलेच आठवत होते. “सर, तुमचं भाषण अजून पाठ आहे बघा,” असे म्हणून आकाशकंदिलांच्या त्या गर्दीत त्याने माझी सहाही वाक्ये अडखळल्याशिवाय म्हणून दाखवली.

मी विचारले, “आणि त्याच्याआधी तू जे बोललास ते?”

“आधी?” पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत तो म्हणाला, “आधी काय बोललो होतो सर?”