किल्ल्यातली माती आणि जर्नलमधले उत्तर

बिदरी भांड्याला त्याचा काळा रंग मिळतो तो अगदी शेवटी. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततात. त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले की पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि कोरलेली रेघ नजरेत भरते. रेघांत चांदीची तार ठोकून बसवली, घासूनपुसून घेतली, की भांडे किंचित तापवून त्याला नवसागर आणि बिदर किल्ल्यातल्या जुन्या मातीचा लेप देतात. धातू कायमचा काळा पडतो, चांदी मात्र तशीच लखलखते. माती कामाची आहे की नाही, हे जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवतात.

बिदरच्याच सीमाभागातला, भालकी-औरादकडचा बीएस्सीचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसतो तेव्हा त्याची जीभच काय, डोळेही फारसे कामाला येत नाहीत. कृती लिहून दिलेली, उत्तर मागच्या बॅचच्या जर्नलात तयार. ब्युरेट 9.7 दाखवते, वहीत 10.0 उतरते, आणि तेही तीनदा. ही खोड एका गावाची नाही. पुणे-मुंबईतही ती सापडेल. तिला आळस म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण प्रश्न जुना आणि तात्त्विक आहे: आपल्याला एखादी गोष्ट कळली, असे कशाच्या जोरावर म्हणायचे?

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. विद्यार्थ्याने फ्लास्कमधला फिका गुलाबी रंग पाहिला हे प्रत्यक्ष. पण खरे धरले ते छापील उत्तर. म्हणजे प्रत्यक्षाच्या वेषातले शब्दप्रमाण. त्यातही न्यायभाष्यकार वात्स्यायनाची अट कडक होती. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तोच आप्त. नकलेची नक्कल होत आलेले जर्नल या कसोटीला उतरत नाही. ‘रसेंद्रचिंतामणी’ या रसशास्त्रावरच्या ग्रंथाचा कर्ता तर जे शिकवतो ते करून दाखवणाऱ्यालाच गुरू म्हणतो, बाकीचे त्याच्या लेखी नट.

बसवकल्याण इथून जवळच. बाराव्या शतकात तिथल्या अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली नाना जातींचे, नाना धंद्यांचे शिवभक्त शरण चर्चेला बसत, असे परंपरा सांगते. त्यांचा अनुभव आतला होता. तो आणि ब्युरेटचे रीडिंग एकच, असे म्हणणे भाबडेपणाचे. पण दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य आपला अनुभव म्हणून खपवायचे नाही, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

ही शिस्त प्रयोगशाळेत कशी आणायची? रसायनशास्त्राच्या अध्यापनाचे अभ्यासक डॅनियल डोमिन यांनी 1999 साली प्रयोगशाळेतल्या अध्यापनाच्या चार पद्धती मांडल्या. सर्वांत रुळलेल्या पद्धतीत कृतीही दिलेली असते आणि निष्कर्षही आधीच ठाऊक असतो. उरलेल्या तिन्हींत निदान एक तरी गोष्ट विद्यार्थ्याने शोधायची असते. असे शोध विद्यार्थ्यावर सोपवण्यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये असा युक्तिवाद केला की नवशिक्याला मार्गदर्शनाविना सोडले तर तो गोंधळतो, शिकत नाही. मोल ही संकल्पना कुणी एका दुपारी नव्याने शोधून काढणार नाही. शब्दप्रमाण हवेच; प्रश्न ते कुठे थांबवायचे एवढाच.

बिदरच्या शिक्षकाला त्यासाठी लांब जावे लागत नाही. मोरचुदाने जस्त काळसर का होते, हे विस्थापन अभिक्रियेतून शिकवून टाकावे. पुढचे मात्र विद्यार्थ्यांवर सोडावे. किल्ल्याचीच माती का? शेतातली चालेल का? त्या मातीत नायट्रेट असते म्हणतात. मग माती वगळून नुसते सोरा आणि नवसागर वापरले तर? तांब्याविना शुद्ध जस्त तसेच काळे पडते का? चार छोटे पत्रे, चार लेप, फ्यूम हूडखाली एक दुपार. कारागिराचे म्हणणे इथे अंधश्रद्धा म्हणून उडवायचे नाही आणि वेदवाक्य म्हणून डोक्यावरही घ्यायचे नाही. तो आप्त आहे, पण आप्तवचनही तपासता येते. बिदरी कलेसाठी शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कारागिरांपैकी कुणाला तरी त्या दिवशी वर्गात बोलावून परीक्षकाच्या खुर्चीत बसवावे.

आणि गुण देताना एवढे करावे: पत्रा काळा पडला नाही, पण का पडला नाही याचा विचार वहीत प्रामाणिकपणे लिहिला आहे, अशा मुलीला पूर्ण गुण द्यावेत. 10.0 तीनदा लिहिणाऱ्याला मात्र प्रयोग पुन्हा करायला लावावा.