व्रत आणि मनगट

सोसण्याला आपल्याकडे इतकी प्रतिष्ठा लाभलेली आहे की, नातवाचे टोपडे थंडीपूर्वी पुरे व्हावे म्हणून मध्यरात्रीपर्यंत सुया चालविणारी आजी मनगटाला तेल चोळीत ‘चालायचंच’ म्हणते, तेव्हा घरचे तिच्या दुखण्याची विचारपूस करण्याऐवजी मायेचे कौतुक करतात. माया खरीच, पण दुखण्याने मायेचे मोल वाढते काय, दुसऱ्यासाठी केलेल्या कामात स्वतःच्या देहाची केलेली हेळसांड पुण्याच्या खाती जमा होते काय, हा धर्मविचारातला प्रश्न आहे आणि तो क्षुल्लक नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायाने त्याचा निवाडा निःसंदिग्धपणे केला आहे: देहातील भूतसमुदायाला कृश करणारे घोर तप तेथे आसुरी ठरले आहे, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस कोटीत गेले आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात ज्या बौद्ध धर्माचे प्राचीन स्तूप उजेडात आले, त्या धर्माच्या शास्त्यानेही, चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझारा, करता करता पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोण नावाच्या भिक्षूला, तो पूर्वी वीणा वाजवीत असे हे जाणून, तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर स्वर नीट निघेल काय, असे विचारले होते.

लोकरीच्या कामात ही तार बोटांतच असते. धागा करकचून धरला की टाके घट्ट बसतात, घट्ट टाक्यातून सुई काढताना मनगट अधिक वाकते, आणि जेथे नऊ स्नायुरज्जू व एक मज्जातंतू एकाच अरुंद मार्गातून तळहातात उतरतात तेथे दाब वाढतो. मग रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येते. म्हणून धागा सैल धरावा, मनगट सरळ राखावे, कोपराखाली उशी घ्यावी, क्रोशाच्या बारीक दांडीवर कापड गुंडाळून ती जाड करावी, आणि मुंग्या येण्याची वाट न पाहता चार ओळी झाल्या की काम खाली ठेवावे. हे खाली ठेवणे मी आळसात नव्हे, संयमात मोजतो. आणि ‘राहू दे आजचं’ हे शब्द प्रथम घरच्यांच्या तोंडून यावेत.

परंतु याच भंडारा जिल्ह्यातील दुसऱ्या हातांपुढे हा उपदेश लंगडा पडतो. मांडीवर सूप घेऊन बसलेली विडी कामगार स्त्री ओलसर तेंदूपान मापाने कातरते, चिमूटभर जर्दा पसरते, अंगठ्याच्या एका फिरकीत पान वळते, तोंड दुमडते, सूत बांधते; मजुरी हजारी हिशेबाने असल्यामुळे तिची प्रत्येक विश्रांती मजुरीतून वजा होते. १९६६ च्या कायद्याने विडी कारखान्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती, पण घरच्या ओसरीवर अशी मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहणार कोण? जिला थांबण्याची मुभाच नाही तिच्यावर न थांबल्याचा दोष ठेवणे, हा मी अधर्म समजतो. तेथे मनगट राखण्याचे कर्तव्य तिच्याकडून उठून, तिच्या श्रमावर ज्याचा व्यवहार चालतो त्या मालकाकडे, माल मोजून घेणाऱ्या ठेकेदाराकडे आणि किमान वेतन ठरविणाऱ्या सरकारदरबाराकडे जाते. आणि हात दुखू लागण्यापूर्वी उठूनही संध्याकाळची चूल पेटेल, असा हजारी दर बांधून देणे त्यांना भाग आहे.