रिकाम्या धरणाची किंमत

धरण भरले की आपल्याकडे ती आनंदाची बातमी होते. मंत्री जलपूजनाला जातात, पाण्यात साडी-नारळ सोडतात. स्वित्झर्लंडमध्ये मालोया खिंडीजवळचे ओर्डेन धरण भरू लागले, तर मात्र ती खालच्या ब्रेगालिया खोऱ्यासाठी काळजीची बातमी असते.

१९७१ मध्ये पूर्ण झालेल्या या ४२ मीटर उंच भिंतीमागे एरवी पाणीच नसते. वीज नाही, कालवा नाही, नौकाविहाराचा तर प्रश्नच नाही. फोर्नो हिमनदीतून निघालेली ओर्लेन्या नदी भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या वाटेने निमूट निघून जाते. पूर आला की त्या वाटेत मावेल तेवढेच पाणी पुढे जाते. उरलेले मागे तुंबते आणि सावकाश ओसरते.

या खोऱ्यात मोठा पूर आला तो सप्टेंबर १९२७ मध्ये. ओर्डेनची भिंत उभी राहायला त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे लागली. शेजारच्या अल्बिन्या दरीत झ्युरिक शहराला वीज देणारे ११५ मीटरचे धरण मात्र १९५९ मध्येच तयार होते. तेही पूर अडवते, पण वीज विकून आपला खर्च काढते. कमावता आधी, राखणदार मागाहून!

राखणदाराची खरी अडचण वेगळीच. किती जागा मोकळी ठेवायची, हा हिशेब मागच्या संकटावरून मांडलेला असतो. याच खोऱ्यातल्या बोंदो गावाने, डिसेंबर २०११ मध्ये पित्झ चेंगालोचा कडा कोसळल्यानंतर आणि पुढच्या उन्हाळ्यात दगड-चिखलाचे लोंढे आल्यावर, मलबा अडवणारा मोठा खड्डा खोदला आणि इशारा देणारी यंत्रणा बसवली. २३ ऑगस्ट २०१७ रोजी तोच डोंगर पुन्हा ढासळला. या वेळी सुमारे ३० लाख घनमीटर खडक खाली आला. पाऊस नव्हता, तरी वाटेतल्या हिमनदीचा बर्फ सोबत घेऊन चिखलाचा लोंढा थेट गावापर्यंत पोहोचला.

खड्ड्याने बराचसा मलबा पोटात घेतला, इशारा वेळेवर वाजला आणि गावातली माणसे बाहेर पडली. वरच्या दरीत पायी फिरणारे आठ जण मात्र कायमचे गाडले गेले. खड्डा भरून गेला होता आणि डोंगर अजून थांबला नव्हता. पुढचा लोंढा येण्याआधी जागा रिकामी व्हावी म्हणून यंत्रांनी मलबा उपसायला सुरुवात केली. दोनच दिवसांनी तो आला.