दहा दिवसांची माया

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०

मित्रांनो, या श्लोकात भगवंत सात्त्विक दानाच्या खुणा सांगतात. द्यायला हवं म्हणून द्यावं, जो परतफेड करू शकत नाही त्याला द्यावं, आणि देताना देश, काळ, पात्र पाहावं. दान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पैसे येतात, अन्न येतं. पण आपल्या पिढीतली बरीच मुलं-मुली हल्ली सुट्टी काढून वेळ दान करतात. काही जण तर त्यासाठी पार आफ्रिकेत जातात. नैरोबीतल्या किबेरासारख्या वस्तीत दहा-पंधरा दिवस मुलांना शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं आणि परत यायचं. आज हा श्लोक या सेवेला लावून बघूया.

आधी देश. किबेरा हे नाव नुबी भाषेतल्या जंगल या अर्थाच्या शब्दावरून आलंय. ब्रिटिश सैन्यात नोकरी केलेल्या नुबी सैनिकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहू दिलं, पण जमिनीची मालकी काही दिली नाही. या वस्तीत दहा लाख माणसं राहतात असं सर्रास सांगितलं जायचं. २००९ च्या जनगणनेत आकडा निघाला सुमारे १ लाख ७० हजार. आपली दया आकडेसुद्धा फुगवते! तिथली बहुतेक मुलं आपल्या घरच्या माणसांत राहतात, शाळेत जातात, आणि वस्तीतल्या लहान लहान शाळांतून तिथलेच शिक्षक त्यांना वर्षानुवर्षं शिकवतात. त्या जागेला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःची माणसं आहेत. कोणीतरी येईल म्हणून ती वाट बघत बसलेली नाही.

मग काळ. खरी गोम इथेच आहे. पुस्तक दिलं तर आपण निघून गेल्यावरही ते मुलाकडे राहतं. माया दिली तर आपण निघताना ती सोबत घेऊन जातो. लहान मूल पटकन लळा लावून घेतं. दहा दिवसांनी ताई जाते, पुढच्या महिन्यात दुसरा दादा येतो, तोही जातो. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन या अभ्यासकांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या अनाथाश्रमांबद्दल हाच इशारा दिला होता : आधीच आपली माणसं गमावलेल्या मुलांची नाती अशी पुन्हा पुन्हा जुळून तुटत राहिली, तर त्यांना इजा होते. केनिया सरकारने तर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली. अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात. पाहुण्यांचा ओघ आणि त्यांच्या देणग्या सुरू राहाव्यात म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जाण्याचा धोका असतो.

आणि पात्र. हा शब्द आपण नेहमी घेणाऱ्याला लावतो. आज तो स्वतःला लावून बघा. पुण्यातल्या एखाद्या शाळेत, तुमच्या भाचीच्या वर्गात, कसलंही प्रशिक्षण नसलेला परदेशी पाहुणा दहा दिवस शिकवायला आला, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढू लागला, तर ताई-भावोजींना चालेल का? नाही ना? मग ती मुलं गरीब आहेत म्हणून नियम बदलतो का?

फोटोवरून आठवलं. पुढच्याच श्लोकात भगवंत राजस दान सांगतात, परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेलं. ते लेकरू पैसे कुठून देणार? पण त्याचं हसू, त्याची मिठी, आपल्या प्रोफाइलवरचा त्याचा चेहरा, "माझं आयुष्यच बदललं" ही भावना... ही परतफेडच नाही का? हिशोब मांडला तर त्या मुलाने आपल्याला जास्त दिलंय.

कोणी विचारेल, "काहीच न करण्यापेक्षा थोडं तरी बरं ना?" प्रश्न प्रामाणिक आहे. आणि हा श्लोक घरी बसायला सबब म्हणून वापरला, तर तीही लबाडीच. पण थोडं काय द्यायचं, ते निवडता येतं. जे तिथे कायम राहणार आहेत त्यांचे हात बळकट करा. एखाद्या शिक्षिकेचा पगार वर्षभर निघेल असं बघा. हिशोब, संगणक, दुरुस्ती असं काही येत असेल तर तिथल्या मोठ्यांना शिकवा, ते मुलांना शिकवतील. जायचंच असेल तर आधी विचारा, "माझी गरज आहे का?" आणि "नाही" असं उत्तर आलं तर तेही प्रसाद म्हणून घ्या.

अशा सेवेत मुलं आपलं नाव विसरतील, फोटो नसेल, मिठी मिळणार नाही. तरीही द्यावंसं वाटलं, तर समजा की श्लोक उमगायला लागला.

आजचा संकल्प : एक मदत अशी करूया, जिच्यात आपण कुठेच दिसणार नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥